केबिनमधली बोरमाळ

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलं ते फिर्यादी, जबाब, पंचनामे आणि स्टेशन डायरीतल्या नोंदी. तिथे मनातलं लिहायचं नसतं, लिहिलं तर वरिष्ठ लाल रेघ मारतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस, आणि तोही निवृत्तीनंतर. वडील पोफळीच्या वीज प्रकल्पावर मजूर होते. बारावी झाल्यावर मी पोलीस भरतीचा फॉर्म भरला, शिपाई म्हणून लागलो आणि उपनिरीक्षक म्हणून बाहेर पडलो. आता रत्नागिरीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. वर्गातली मुलं काका म्हणतात. मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसेना. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

सरांना वाटलं असेल की मी एखाद्या खुनाबद्दल किंवा दरोड्याबद्दल लिहीन. तसे गुन्हे मी पाहिले, पण त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. एक बोरमाळ मात्र डोक्यातून जात नाही. कोणाचं नाव लिहिणार नाही. गावांचीही नेमकी ओळख देणार नाही.

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मुंबईहून एका पोलीस ठाण्याचं पत्र आलं. तिथे एका सुनेनं फिर्याद दिली होती. ती, तिचा नवरा आणि सासू असे तिघं मुंबईहून निघणाऱ्या प्रवासी जहाजावर, ज्याला हल्ली सगळे क्रूझ म्हणतात, तीन रात्रींच्या सहलीला गेले होते. उतरल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं की सासूच्या गळ्यातली सोन्याची बोरमाळ नाही. फिर्यादीत लिहिलं होतं, ‘केबिनच्या कपाटातील लहान तिजोरीतून चोरीस गेली.’ संशय केबिनची साफसफाई करणाऱ्या तरुणावर होता. त्याचा करार त्याच फेरीत संपला होता आणि तो बॅगा घेऊन घरी आला होता. घर आमच्या हद्दीत, खाडीकाठच्या मुस्लिम वाडीत. त्याचा जबाब घ्यावा, घरझडती घ्यावी, असं पत्रात होतं.

सोबत फिर्याद आणि जबाबांच्या प्रती होत्या, आणि आणखी एक कागद जोडला होता. जहाजावर केबिनचं दार कार्डानं उघडतं आणि कोणाचं कार्ड कधी लागलं याची नोंद संगणकावर राहते. उतरण्याच्या दिवशी या तरुणाचं कार्ड दोनदा लागलं होतं. एकदा प्रवासी उतरून गेल्यावर, ते बरोबरच होतं, खोली साफ करायची असते. पण त्याआधी एकदा सकाळी साडेसहालाही लागलं होतं. त्या वेळी केबिनमध्ये माणसं होती. आदल्या दिवशीही तसंच, साडेसहाला.

त्याच आठवड्यात आमच्या हवालदारांनी खबर आणली. सराफाच्या दुकानासमोर चहाची टपरी चालवणारा एक जण आमचा जुना खबरी होता. तो म्हणाला, बोटीवरचा तो पोरगा आईला घेऊन दोनदा सराफाकडे येऊन गेला, हातात कापडाची पिशवी होती. पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी काय होतं ते सांगतो. दोन ठिपके दिसले की मधली रेघ आपणच ओढतो, आणि मग ती रेघ आधीपासून तिथे होती असं वाटायला लागतं.

दोन पंच घेऊन आम्ही सकाळी घरी गेलो. घर नीटनेटकं होतं. त्या तरुणाचे वडील जन्मभर बोटीवर खलाशी, आता गुडघ्यांमुळे घरी बसलेले. झडती रीतसर झाली. रीतसर म्हणजे कपाटं, गाद्या, बॅगा, स्वयंपाकघरातले डबे. सोनं धान्यात लपवतात हा अनुभव, म्हणून तांदळाचे दोन्ही डबे फडक्यावर ओतले. कापडाची पिशवी सापडली. त्यात आईचे जुने कानातले आणि एक तुटलेली साखळी होती, मुलीच्या लग्नासाठी दुरुस्त करायची, आणि सराफानं खर्चाचा आकडा लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा होती. बोरमाळ नव्हती. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. आम्ही निघालो तेव्हा त्याच्या आईनं मला विचारलं, “साहेब, तांदूळ तुम्ही भरताय की मी भरू?” आवाज चढलेला नव्हता. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. वय सत्तावीस-अठ्ठावीस, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. खुर्चीवर बसतानाही तो खुर्ची आधी सरळ करून बसला, हे मी टिपलं होतं. जबाब घेताना मी पहिला तास कामाचंच विचारतो. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की सैल होतो.

त्याच्याकडे अठरा केबिन होत्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

“खोली अशी करायची साहेब, की पाहुण्याला वाटलं पाहिजे, इथे आपल्याआधी कोणी राहिलंच नाही.”

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकताना आमचे हवालदारही लिहायचे थांबले. पहिल्या दिवशी सगळे पाहुणे रागावलेले असतात. खोली केवढीशी, फोटोत तर मोठी होती, खिडकी कुठाय. आतल्या केबिनला खिडकी नसते, ती स्वस्त असते म्हणूनच घेतलेली असते, पण ते आठवायचं नसतं. एका गृहस्थांनी तक्रार लिहून दिली होती की समुद्राचा फार आवाज येतो. दुसऱ्या दिवशी राग जातो. तिसऱ्या दिवशी तेच लोक दारात उभे राहून म्हणतात, अजून एक दिवस असता तर. जेवणाचं तर विचारू नका, तो म्हणाला. चोवीस तास काहीतरी मांडलेलं असतं, आणि पैसे भरलेत म्हणून लोक भूक नसतानाही ताट घेऊन फिरतात. पण निम्म्या केबिनमध्ये पलंगावर वर्तमानपत्र पसरून घरच्या चकल्या आणि थेपले निघतात. ते चुरे तो रोज झाडायचा. परदेशी पाहुणे जाताना पाकीट देतात. आपले लोक पाकीट देतातच असं नाही, पण आईला काय होतंय, बहिणीचं कधी जमतंय, सगळं विचारतात.

“आणि ही सासू?” मी विचारलं.

“काकी.” तो पहिल्यांदा हसला. “मी रत्नागिरीचा कळल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं. आम्हाला पाहुण्यांच्या केबिनमध्ये बसायला परवानगी नाही. त्या म्हणाल्या, मग उभ्यानं सांग, कोणाचा तू. त्यांना वरच्या मजल्यावरचं जेवण चालत नव्हतं. भटारखान्यात गोव्याचा एक जण आहे, त्याच्याकडून पेज करून आणून द्यायचो.”

इथे मी कागद पुढे केला. साडेसहाची नोंद. तो कागद बघून त्याचा चेहरा बदलला, आणि मला वाटलं, लागला हाताला.

“काकींनी बोलावलं होतं,” तो म्हणाला.

“कशाला?”

त्यानं कागद परत माझ्याकडे सरकवला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, “पूर्व कुठे ते सांगायला.”

हवालदार हसले. मीही हसलो असेन. म्हणालो, “एवढी मोठी बोट, आणि तू घरोघरी पूर्व वाटत फिरत होतास?”

“घरोघरी नाही साहेब. फक्त त्यांना. बोट वळते ना. आतल्या केबिनमध्ये कळत नाही. मला नमाजासाठी दिशा बघावीच लागते, फोनमध्ये असते. म्हणून त्यांना सांगायचो.”

“आणि साडेसहाला त्यांना पूर्व कशाला लागायची?”

यावर तो एक शब्द बोलला नाही. समजावलं, दरडावलं, चहा दिला. हात लावला नाही, हे खरं, पण मी असं म्हणालो की तुझ्या घरी पुन्हा यावं लागेल. तरीही नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “साहेब, मी घेतलं नाही. बाकी त्यांची गोष्ट आहे, त्यांना विचारा.”

जाताना त्यानं जे सांगितलं त्यासाठी हे सगळं लिहितो आहे. तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्या जहाजावर हजर व्हायचं होतं. एजंटला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता आणि तो अर्ज आमच्याच टेबलावर होता. “दाखल्यावर काही आलं तर मला जहाजावर घेतील सुद्धा कदाचित,” तो म्हणाला, “भांडी घासायला घेतील. पण केबिनवर परत कोणी घेणार नाही. ज्याच्यावर एकदा असं आलं, त्याच्या हातात पाहुण्याची खोली देत नाहीत. आठ वर्षं झाली मला साहेब, एक तक्रार नाही.”

मी त्या संध्याकाळी अहवालावर लिहिलं, ‘अर्जदाराविरुद्ध चौकशी प्रलंबित.’ तीन शब्द, सही, शिक्का. कायद्यानं चुकीचं काही नव्हतं. चौकशी होतीच. पण मी तो कागद थांबवू शकलो असतो, हेही खरं आहे. थांबवला नाही, कारण मी गप्प बसण्याचा अर्थ लावून मोकळा झालो होतो.

पुढच्या आठवड्यात जबाबाची फाईल मुंबईला पाठवायला बसलो. पाठवण्याआधी पहिल्या पानापासून वाचायची माझी सवय होती. फिर्याद सुनेची. जबाब मुलाचा. जबाब जहाजाच्या अधिकाऱ्याचा. आणि जिची माळ गेली तिचा जबाब कुठेच नव्हता. मुंबईला फोन केला. तिथले तपासी अंमलदार म्हणाले, आईंना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांना यात ओढू नका असं मुलानं सांगितलं, आणि सूनबाईंनी सगळं व्यवस्थित लिहून दिलंय. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. शिकलेलं माणूस समोर बसलं की आपण त्याचंच लिहून घेतो. सगळं ओळीनं सांगतं, तारखा पाठ असतात. म्हातारं माणूस भरकटतं, म्हणून त्याला बाजूच्या बाकावर बसवतो. माझी आई कधी ठाण्यात आली असती, तर तिलाही बाकावरच बसवलं असतं.

सासूबाई सहलीनंतर गावी परतल्या होत्या, लांज्याच्या पुढे एका वाडीत. मुलाला फोन करून पुरवणी जबाब घ्यावा लागेल असं कळवलं. तो कां-कूं करत होता, पण हो म्हणाला. मी साध्या कपड्यांत गेलो.

सकाळची वेळ. त्या मागच्या पडवीत काजूच्या बिया निवडत बसल्या होत्या. मी ओळख दिली, त्यांनी पाट सरकवला आणि सुनेला नव्हे, शेजारणीला चहा टाकायला सांगितलं, कारण सून मुंबईला. मी बोटीचा विषय काढला आणि काकी सुरूच झाल्या.

“खोली म्हणजे आमच्या कपाटाएवढी. रात्री की दिवस, काय कळायचं नाय. संडासात बटन दाबलं तर असा आवाज व्हायचा, मना वाटलं मी पण आत जातेय. आणि जेवण म्हणजे पंगत उठतच नाय बघा. एक बसला की दुसरा उठला, दुसरा उठला की पहिला परत ताट घेऊन हजर. मी लेकाला म्हटलं, अरे, ह्यांच्या घरी चूल नाय काय?”

मी हसलो. विचारलं, केबिनवाला मुलगा कसा होता.

“गुणाचा. त्यान मना पेज आणून दिलान. लोणचं नव्हतं तर लिंबाची फोड दिलान. आणि टॉवेलाची जनावरं करायचा. पयल्या दिवशी माकड टांगून ठेवलान. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पलंगावर हत्ती. सोंड काय, कान काय. सून टॉवेल घ्यायला गेली, मी म्हटलं, हात लावू नको. मग तिनं उचलून आरशापुढच्या फळीवर ठेवलान.”

इथे त्या थांबल्या आणि बिया निवडायला लागल्या. मी काही विचारलं नाही. नोकरीत शिकलेली हीच एक गोष्ट मला नीट जमायची.

“देवाला हात जोडल्याशिवाय मी चहा घेत नाय,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीत देव नाय, दिवा लावायची बंदी, सूर्य कुठं ते दिसत नाय. मग मी त्या पोराला म्हटलं, तू एवढं कर, सकाळी येऊन मना पूर्व दाखव. लेक-सून वर फोटो काढायला जायची, तेव्हा तो यायचा. दार मना उघडता यायचं नाय, तो ठोठवायचा आणि आपणच उघडायचा. हत्तीचं तोंड फिरवून ठेवायचा आणि जायचा. मी त्याला सांगितलेलं, सुनेला बोलू नको. ती हसली असती. टॉवेलाला हात जोडते म्हणून.”

आता मला पुढचं दिसायला लागलं होतं.

त्यांच्या घरी गणपतीला दरवर्षी त्यांची बोरमाळ घालतात. लग्न होऊन आल्यापासून. येतो त्या दिवशी घालायची त्यांनी, आणि गौरीबरोबर जायच्या दिवशी, आरती झाली की उतरवायची त्यांच्या नवऱ्यानं. ते काम नवऱ्याचंच. उतरवली की ते आतल्या खोलीत येऊन त्यांच्या हातात द्यायचे आणि मगच मूर्ती उचलायची. पन्नास वर्षं असंच चाललं. नवरा जाऊन सव्वा वर्ष झालेलं. मधल्या वर्षी, वर्षश्राद्ध झालं नव्हतं म्हणून, गणपती भावकीच्या घरी बसवला होता.

“शेवटच्या सकाळी आंघोळीला माळ काढली,” काकी म्हणाल्या. “बाहेर आले, हत्तीला घातली. हात जोडले. सून आली, चला चला, खाली रांग लागली. मी निघाले. घालायचं तेवढं माज्या हाताला ठावं, बाबा. काढायचं कधी केलंच नव्हतं.”

दोन दिवसांनी गळा रिकामा लागला तेव्हा त्यांना आठवलं. पण त्यांनी घरात एवढंच सांगितलं की माळ तिथे राहिली. कुठे राहिली ते सांगायची लाज वाटली. सून तिजोरीच धरून चालली, कारण बाकीचे दागिने तिजोरीतच होते. कंपनी शोधतेय, असं मुलगा त्यांना सांगत राहिला. काकींनी मनातून ती माळ समुद्राला देऊन टाकली होती.

मी विचारलं, “काकी, त्या मुलाला चौकशीला बोलावलं होतं हे माहीत आहे का तुम्हाला?”

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बियांचं सूप बाजूला ठेवलं. “कोणी बोलावलं?”

“मी.”

“आणि त्याच्या घरी?”

“झडती घेतली.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या, लुगडं बदलून आल्या. शेजारीण चहा घेऊन आली तर म्हणाल्या, “ठेव तो. मी ह्या साहेबाबरोबर जाते.” मी म्हटलं, जबाब इथेच घेता येतो, तुमची तब्येत. त्या म्हणाल्या, “तब्येत तुमची बघा. मना गाडीत बसवा.”

आम्ही रत्नागिरीला आलो. ठाण्यात त्यांचा जबाब सुरू केला आणि त्या तरुणालाही बोलावून घेतलं. तो दारात आला, काकींना बघून उभाच राहिला.

“काय रे,” काकी म्हणाल्या, “तोंड नव्हतं तुला? सांगायचंस ना.”

“तुम्हीच म्हणाला होता, कोणाला सांगू नको.”

“सुनेला नको म्हटलं होतं. पोलिसाला नको म्हटलं होतं काय?”

आमचे ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसले. तो तरुण मात्र हसला नाही. काकींचा जबाब त्याला वाचून दाखवला, आणि बोरमाळ हत्तीच्या गळ्यात होती हे त्याला त्या क्षणी कळलं. सकाळी तो येऊन गेला तेव्हा माळ काकींच्या गळ्यातच होती. त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, “मीच उचलला तो. अठरा खोल्या होत्या, दुपारी नवे पाहुणे चढणार होते. सगळे टॉवेल एका हातानं ओढले आणि धुण्याच्या पिशवीत कोंबले. बघितलंच नाही.” हे त्यानं असं सांगितलं जणू चोरीच कबूल करतोय.

काकी गेल्यावर मी त्याला एकट्याला विचारलं, नुसतं काकींना शब्द दिला होता म्हणून एवढा गप्प राहिलास का. तो म्हणाला, “साहेब, माझं नाव बघा. टॉवेल मी बांधलेला, त्याचं तोंड मी फिरवायचो, आणि काकी हात जोडायच्या. हे मी सांगितलं असतं तर इथे ठाण्यात ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं असतं? आणि बाहेर गेल्यावर त्याचं काय झालं असतं? माझी नोकरी गेली तर मी दुसरी बघीन. काकींचं हसं झालं असतं, किंवा त्याहून वाईट काही.”

पूर्वेचं ऐकून मी हसलो होतो, हे त्यानं काढलं नाही. गरजही नव्हती.

त्याच दिवशी मी मुंबईला सविस्तर पत्र पाठवलं, जहाज कंपनीला धुलाई विभाग तपासायला कळवावं असं लिहिलं, आणि चारित्र्य पडताळणीचा सुधारित अहवाल काढला. पण कागद पाठवायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो परत बोलवायला लागतो. आधीचा अहवाल एजंटपर्यंत पोचला होता. हजर व्हायची तारीख गेली. जहाज त्याच्याशिवाय सुटलं. मी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या आईनं मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

मे महिन्यात मी निवृत्त झालो. हार, नारळ, फोटो. कंपनीचं उत्तर आलेलं नव्हतं. तो तरुण मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायला लागला होता, असं हवालदारांकडून कळलं.

जूनमध्ये मी कॉलेजात नाव घातलं. जुलैत हवालदारांचा फोन आला. बोरमाळ सापडली होती. म्हणजे ती कधीचीच सापडलेली होती. धुलाईच्या यंत्राच्या जाळीत सोन्याचे मणी अडकलेले निघाले, तिथल्या कामगारानं ते जमा केले, एका पाकिटात घालून वर ‘मणी, यंत्रातून’ असं लिहून कपाटात ठेवले. तक्रार तिजोरीतून गेलेल्या माळेची होती, म्हणून ते पाकीट आणि ती तक्रार एकमेकांना भेटलीच नाहीत. काही मणी चेपले होते, दोरा गेला होता. काकींनी ती लांज्यातल्या सोनाराकडून ओवून घेतली. सुनेनं स्वतः त्या तरुणाला फोन करून माफी मागितली, हेही लिहायला हवं, कारण या गोष्टीत ती वाईट नव्हती. सासूची वस्तू गेली म्हणून तिला वाईट वाटलं होतं, आणि तिनं जे करायचं ते केलं होतं.

तरीही एजंट म्हणत होता, प्रकरण बंद झाल्याचा लेखी कागद आणा. तो कागद मुंबईहून यायचा, आमच्या ठाण्यातून पुढे जायचा. तो तरुण दिवसभर कारखान्यात असायचा, आणि त्याचे वडील गुडघ्यांमुळे फिरू शकत नव्हते. मी म्हटलं, मी जातो. त्या दोन महिन्यांत किती खेपा झाल्या ते मोजलं नाही. पहिल्या खेपेला नवीन अंमलदार मला ओळखत नव्हता. म्हणाला, बाकावर बसा. बसलो. त्या बाकावर मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो. तिथून आतल्या टेबलावरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो, आणि आपलं नाव घेतलं की नाही ते नीट कळत नाही. पस्तीस वर्षं मी आतून लोकांना म्हणत होतो, बसा जरा.

सर म्हणाले होते, शेवटी तुम्ही काय शिकलात ते लिहा. मला ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. एक सांगतो, ज्याचं गेलं त्याला आधी विचारावं, मग तो कितीही भरकटो. दुसरं म्हणजे, चौकशीत माणूस गप्प बसला की आपण त्याच्या जागी बोलायला लागतो, आणि आपण जे बोलतो ते त्याच्या नावावर लिहितो. मला अनुभव होता, आणि त्या अनुभवानंच मला सगळ्यात जास्त फसवलं. नवखा शिपाई असतो तर कदाचित सरळ काकींनाच जाऊन विचारलं असतं, पूर्व कशाला हवी होती. मी त्या पोराला विचारलं, आणि त्याच्या गप्प बसण्यालाच उत्तर समजलो. आता वर्गात काही कळलं नाही की मी हात वर करतो. पोरं हसतात. हसू देत.

हा लेख लिहून सरांकडे द्यायच्या तयारीत होतो. परवा दुपारी इतिहासाच्या तासाला खिशातला फोन थरथरला. बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. त्या तरुणाचे वडील होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, एवढंच म्हणाले, “साहेब, पोरगं आज कोचीला जहाजावर चढलं. केबिनवरच घेतलंय.”